उपचाराचा पैसा गांजाच्या गल्ल्यातून नको

गांजा कायदेशीर करा, परवान्याची दुकाने काढा, त्यावर कर लावा आणि त्याच करातून गावोगाव व्यसनमुक्ती केंद्रे चालवा, असा युक्तिवाद गेल्या काही वर्षांत जोर धरू लागला आहे. आधी तो शहरातल्या चर्चासत्रांपुरता होता. आता खामगावच्या बाजार समितीत माल विकून बसलेल्या शेतकऱ्यांच्या घोळक्यातही तो ऐकू येतो. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने, कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही म्हणून दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागितली होती. त्या अर्जामागचा संताप खोटा नव्हता. हा युक्तिवाद करणारी बरीचशी माणसे कळकळीची आहेत, म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर द्यायला हवे. व्यसनी माणसाचा उपचार हे सरकारचे आजचे, थकलेले देणे आहे. ते फेडण्यासाठी नशेचे आणखी एक दुकान उघडावे लागेल असे जो म्हणतो, तो सरकारला त्या देण्यातून सोडवतो आहे.

त्यांचे जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. चिलीम ओढताना सापडलेल्या पोराला कोर्टकचेरीच्या फेऱ्यांत अडकवून कोणाचेही भले होत नाही. १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू असलेल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ खाली गांजा ओढणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मोठा व्यापारी आंध्र-ओडिशाच्या सीमेवरून ट्रक भरून आणतो, आणि पोलिसांच्या हाती सहज लागतो तो बसस्थानकामागे पुडी घेऊन उभा असलेला विशीतला मुलगा. हा अन्याय आहे आणि तो थांबलाच पाहिजे.

पण तो थांबवण्याची वाट त्याच कायद्यात आहे. कलम ६४-अ सांगते की, अल्प प्रमाणात माल बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी जर स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही. कलम ७१ सरकारला उपचार केंद्रे काढण्याचा अधिकार देते. म्हणजे कैदेऐवजी उपचार ही कल्पना दुसऱ्या देशातून आणायची गरज नाही, ती आपल्याच पुस्तकात छापलेली आहे. आता संग्रामपूर किंवा देऊळगाव राजा तालुक्यातला मुलगा ६४-अ चा आधार घ्यायचा म्हणाला, तर त्याने कोणत्या दारात जायचे? जवळपास उपचाराची सरकारी सोयच नसेल, तर ते कलम त्याच्यासाठी मेलेलेच. वकील त्याला सांगतो, गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो. तो मोकळा होतो आणि संध्याकाळी पुन्हा त्याच कट्ट्यावर बसतो. त्याला शिक्षा झाली ती निम्मी गांजामुळे आणि निम्मी खाट नसल्यामुळे. ‘कायदेशीर करा’ म्हणणारे पहिल्या निम्म्यावर बोट ठेवतात. माझे बोट दुसऱ्या निम्म्यावर आहे.

त्यांचा मुख्य मुद्दा असा की विक्री कायदेशीर झाली, कर आला, की उपचाराला पैसा येईल. हा प्रयोग महाराष्ट्रात कित्येक दशके चालू आहे. त्या प्रयोगाचे नाव दारू. ती कायदेशीर आहे, तिच्यावर कर आहे आणि तो कर राज्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचे उत्पादन शुल्क वाढवले, तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज सांगितला गेला. हे फक्त जादाचे. इतका पैसा ज्या नशेतून येतो, तिच्या रुग्णांना काय मिळते? दिल्लीच्या एम्सने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचे उत्तर असे: दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाला कसलीतरी मदत मिळते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळतो तो १८० जणांमागे एकाला.

याच सर्वेक्षणातली आणखी एक जोडी गांजाच्या समर्थकांनी डोळ्यांसमोर ठेवावी. देशात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतले २.९ कोटी तिच्यावाचून राहू शकत नाहीत. गांजा, चरस आणि भांग मिळून घेणारे ३.१ कोटी आहेत आणि त्यांत पूर्ण आहारी गेलेले सुमारे २५ लाख. गांजा दारूपेक्षा सौम्य आहे हे याचे एक कारण असेल, मी ते नाकारत नाही. दुसरे कारण मात्र उघड आहे. दारू परवान्याच्या दुकानात, ठरल्या वेळेला, बिलासह मिळते. ढाब्यावर, लग्नात, निवडणुकीत तिची लाज उरलेली नाही. जी नशा कायदेशीर आहे तिच्या तडाख्यात सापडलेले अकरा-बारापट जास्त आहेत. गांजा त्याच रस्त्याने गेला तर त्याचा आकडा २५ लाखांवर थांबेल, ही हमी कोण देणार?

हे आकडे आमच्या बुलढाणा जिल्ह्याला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. देशाची सरासरी जिल्ह्याला जशीच्या तशी लागू पडत नाही, पण अंदाज बांधायला ती चालते. त्या हिशेबाने जिल्ह्यात दारूच्या आहारी गेलेली माणसे पन्नास हजारांच्या वर आणि गांजाच्या आहारी गेलेली पाच हजारांच्या आसपास निघतात. जनगणनेनंतर लोकसंख्या वाढली ती वेगळीच. अर्धा लाख घरे धरा. १३ तालुक्यांतले एकही गाव यातून सुटत नाही.

या घरांवर काय वेळ येते ते जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात रात्री पाहिले आहे. पस्तिशीचा ट्रॅक्टरचालक. मुलीची सोयरीक जमत होती म्हणून त्याने शपथ घेऊन दारू एकदम बंद केली होती. तिसऱ्या दिवशी हात इतके कापायला लागले की पाण्याचा पेला तोंडापर्यंत जाईना. तो चादरीवरच्या, कुणालाच न दिसणाऱ्या मुंग्या वेचत होता आणि मेलेल्या बापाशी बोलत होता. बायकोच्या हातात आधार कार्ड आणि जुन्या चिठ्ठ्या कोंबलेली कॅरीबॅग. ड्यूटीवर एकच डॉक्टर, आणि शेजारच्या खाटेवर विंचू चावलेले पोर. सलाईन लागले. ग्लुकोजच्या आधी थायमिनचे इंजेक्शन द्यावे लागते, नाहीतर पिणाऱ्या माणसाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ते इंजेक्शन स्वस्त असते, पण त्या रात्री कपाटात नव्हते. तासाभराने ‘पुढील उपचारासाठी’ अशी चिठ्ठी हातात पडली. बायको विचारत होती, “कुठी नेऊ याले? तिथं तरी खाट भेटन काय?” मी त्या डॉक्टरला दोष देत नाही. त्याला व्यसनाच्या रुग्णासाठी खाटही दिलेली नव्हती आणि औषधही.

दारू अचानक तोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारा हा भ्रम जीव घेऊ शकतो. आपल्याकडे घरच्यांना वाटते, बाहेरचे काही लागले. मग गाडी पिंपळगाव सराईला, सैलानी बाबांच्या दर्ग्याकडे वळते. गांजाने डोके फिरलेल्या, कोणी तरी आपल्या मागावर आहे असे म्हणणाऱ्या पोरालाही तिकडेच नेतात. होळीच्या सुमारास तिथे भरणाऱ्या यात्रेला जाणाऱ्या लाखो लोकांच्या श्रद्धेवर मला एक शब्द बोलायचा नाही. पण दर्ग्याच्या वाटेवर लागणाऱ्या सरकारी दवाखान्यात एक समुपदेशक आणि दोन राखीव खाटा असत्या, तर त्यांतली कितीतरी माणसे आधी तिथे उतरली असती.

कायदेशीर गांजाचा अनुभव वऱ्हाडाला नवीन आहे अशीही समजूत दिसते. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली होते आणि गांजा त्यांच्या अबकारी उत्पन्नाचा भाग होता. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले. त्याने देशभर साक्षी घेतल्या आणि पूर्ण बंदी नको, परवाने द्या, कर लावा, असा निष्कर्ष काढला. आजचे समर्थक तो अहवाल मोठ्या अभिमानाने दाखवतात. त्या व्यवस्थेत महसूल जमा होत राहिला, पण व्यसनी माणसाला बरे करायचे आहे ही कल्पना त्या हिशेबात कुठेच बसत नव्हती. महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचे पहिले ठळक काम उभे राहिले ते २९ ऑगस्ट १९८६ रोजी, पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांचे ते मुक्तांगण. त्याची सुरुवात झाली ती पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीने. अबकारी महसुलाने जे केले नाही ते एका लेखकाच्या घरातून आलेल्या पैशाने केले. आजही आमच्याकडची माणसे मलकापूरला किंवा शेगावला रेल्वेत बसून, नाहीतर रात्रभराच्या ट्रॅव्हल्सने पुणे गाठतात. ज्यांना ते परवडत नाही ती मिळेल त्या खाजगी केंद्रात जातात. तिथे महिन्याची फी भरण्यासाठी जनावर विकावे लागते, आणि आत काय चालते हे बाहेरच्यांना कळत नाही.

करातून उपचार या कल्पनेत आणखी एक खोट आहे. ज्या खात्याचे उत्पन्न विक्रीवर चालते त्याला गिऱ्हाईक लागते, आणि नशेच्या धंद्यात खरे गिऱ्हाईक म्हणजे रोज घेणारा. तो बरा झाला की उत्पन्न घटते. उपचार केंद्राचा पगार त्याच उत्पन्नातून निघत असेल, तर केंद्र जितके चांगले चालेल तितका त्याचा पैसा आटेल. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने हे करून पाहिले. २०२० च्या नोव्हेंबरात तिथल्या मतदारांनी ठरवले की सर्वच अमली पदार्थांचा अल्प साठा हा गुन्हा राहणार नाही आणि कायदेशीर गांजाच्या करातून उपचारसेवा उभारली जाईल. २०२१ च्या फेब्रुवारीत शिक्षा उठली. उपचाराचा पैसा संस्थांच्या हातात पडायला मात्र वर्षाहून जास्त काळ गेला. शिक्षा आधी गेली, उपचार मागे राहिला, रस्त्यांवर उघड नशा वाढल्याची ओरड झाली आणि १ सप्टेंबर २०२४ पासून अल्प साठा पुन्हा गुन्हा झाला. पोर्तुगालने २००१ मध्ये उलट क्रम धरला. दुकाने उघडली नाहीत, विक्री गुन्हाच ठेवली, सापडलेल्या व्यसनीला कोर्टाऐवजी समितीपुढे नेले आणि सरकारी आरोग्यसेवेत त्याच्यासाठी जागा केली. मला हवे आहे ते दुसरे.

आता शेतकऱ्याचे नाव. ते घेतले की समोरचा गप्प होतो, म्हणून ते सगळ्यात जास्त घेतले जाते. २००६ मध्ये आत्महत्याग्रस्त म्हणून विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पंतप्रधानांचे पॅकेज मिळाले त्यांत बुलढाणा होता. इथल्या शेतकऱ्याला पैसा मिळावा असे कोणाला वाटणार नाही? पण तुरीच्या ओळीत चोरून लावलेल्या झाडाला जो भाव मिळतो तो बंदीचा भाव आहे, पकडले जाण्याच्या जोखमीचा भाव. बंदी उठली की तो भाव त्याच दिवशी जातो. सोयाबीन तर पूर्ण कायदेशीर आहे. २०२४-२५ साठी त्याचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला होता आणि त्या हंगामात बाजारात कितीतरी माल त्याहून बऱ्याच कमी दराने गेला. हमीभाव असलेल्या पिकाची ही गत, तर गांजाला कोणता हमीभाव देणार? थायलंडने ९ जून २०२२ रोजी गांजा बंदीच्या यादीतून काढला आणि शेतकऱ्यांच्या नावानेच दहा लाख रोपे फुकट वाटायची घोषणा केली. दोन-तीन वर्षांत दुकाने हजारोंनी झाली, माल उदंड झाला, भाव कोसळले. जून २०२५ मध्ये तिथल्या सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री पुन्हा बंद केली. दोऱ्यासाठी आणि बियांसाठी लावायचे, नशा जवळजवळ नसलेले भांगेचे वाण ही वेगळी गोष्ट आहे. एनडीपीएसचे कलम १४ त्याला वाट देते, उत्तराखंडने तसे परवाने दिले आहेत. त्यावर महाराष्ट्राने जरूर विचार करावा. ओढायच्या गांजाला त्या पिकाच्या आडून आत आणू नये.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे, पण आमच्या जिल्ह्यात तो टाळता येत नाही. शेगावच्या गजानन महाराजांच्या हातातली चिलीम सगळ्यांनी तसबिरीत पाहिली आहे, आणि गांजाचे समर्थन करताना कोणीतरी तिच्याकडे बोट दाखवतोच. दासगणूंच्या ‘गजानन विजय’ ग्रंथात काशीहून आलेल्या गोसाव्याने महाराजांना गांजा अर्पण केल्याची कथा आहे हे खरे. त्याच ठिकाणी दासगणूंनी महाराज त्या व्यसनापासून अलिप्त होते हेही आवर्जून सांगितले आहे. एका अवलियाच्या कथेचा दाखला आपल्या पोरांच्या नशेला देणे ही महाराजांची भक्ती होत नाही. वऱ्हाडाच्या मातीत गाडगेबाबांनी कीर्तनातून दारूवर कोरडे ओढले. इथल्या कितीतरी घरांत नवऱ्याची दारू सुटली ती गळ्यात तुळशीची माळ आल्यावर. माळ घातलेल्या माणसाला गाव पुन्हा मान देते, पंगतीला बसवते, आणि त्या मानाने तो टिकतो. हे बळ मोठे आहे. मात्र पहिल्या पाच-सात दिवसांत थरथरणाऱ्या शरीराला औषधच लागते आणि ते गावात मिळत नाही.

दारूबंदीच्या मतदानातल्या आडव्या बाटलीचेही तसेच. ज्या गावांत बायांनी रांगा लावून निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला दिली आणि दुकान बंद पाडले, त्या बायांसारखे धैर्य मी फार थोड्या ठिकाणी पाहिले. दुकान बंद झाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच घरातला पिणारा शेजारच्या गावी चालू लागला. त्याच्यासाठी सरकारने काय केले? चंद्रपूरला २०१५ मध्ये दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. दोन्ही वेळा वाद रंगला तो दुकानांचा. रुग्णाचे नाव त्यात फारसे आले नाही.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न मला विचारला जाईल. महाराष्ट्राला एखाद्या कामासाठी कर राखून ठेवायला कोणी शिकवायची गरज नाही. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला तो रोजगार हमी योजनेसाठी. नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या पैशातून दुष्काळी खडी फोडणाऱ्याची मजुरी निघाली. तीच इच्छाशक्ती इथे दाखवा. दारूवरच्या जादा शुल्काचे १४ हजार कोटी धरले तर त्याचा एक टक्का म्हणजे १४० कोटी. ३६ जिल्ह्यांत वाटले तर प्रत्येकी पावणेचार कोटींहून जास्त, दरवर्षी. मघाशी मी नशेच्या विक्रीवर उपचार टांगू नका म्हणालो, त्याला हे विसंगत नाही. ही विक्री आज होते आहे आणि हा पैसा आज तिजोरीत पडतो आहे. त्यासाठी नवे दुकान उघडायचे नाही. आणि उद्या हा महसूल घटला तर उरलेले सरकारने सर्वसाधारण अर्थसंकल्पातून भरायचे, कारण तसे करायला ते बांधलेले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून येणारे मानसिक विकार आपल्या व्याख्येत घेतले आहेत. कलम १८ प्रत्येक नागरिकाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क देते. किमान सेवा जिल्ह्यात नसेल, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा, असेही ते सांगते.

एवढ्या पैशात काय होते? तेराही तालुक्यांत प्रत्येकी दोन समुपदेशक, ग्रामीण रुग्णालयांत राखीव खाटा, थायमिनसह सगळी औषधे आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या ठरल्या वाराच्या फेऱ्या, हे ढोबळ हिशेबात बसते. हे स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणू नये. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ संस्थेने साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून घातक प्रमाणात पिणाऱ्यांशी मोजक्या बैठका करवल्या. तीन महिन्यांनी दारू आटोक्यात आलेल्यांचे प्रमाण नेहमीची सेवा मिळालेल्यांत २६ टक्के होते, समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना तयार केले, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वऱ्हाडातली माणसे उपचार घेत नाहीत हे म्हणणे तिथे खोटे ठरले. उपचार गावाजवळ आला की माणसे येतात.

बुलढाण्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्याचे सात आमदार आहेत. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्यांनी पक्ष बाजूला ठेवून एवढेच मागावे: महाविद्यालयाच्या रुग्णालयात व्यसनमुक्तीचा स्वतंत्र वॉर्ड, प्रत्येक तालुक्यात समुपदेशक, आणि दारूच्या जादा शुल्कातला एक टक्का कायद्याने राखीव. आणि ज्यांच्या घरात हे दुखणे आहे त्यांनी लाज बाजूला ठेवून १४४४६ या मोफत क्रमांकावर फोन करावा, उपचाराची प्रत्येक पावती जपून ठेवावी, आणि जवळ सरकारी सोय नसेल तर कलम १८ चा उल्लेख करून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.